परसातील तळे

कोकणातील जुन्या घरांच्या परसात विहिरीलगत दगडी डोण असे. नळ आल्यावर पुष्कळ डोणी कोरड्या पडल्या. काहींत पावसाचे पाणी साचून डास होऊ लागले. अशा डोणीत किंवा सिमेंटच्या हौदात मासे, गोगलगायी व पाणवनस्पती यांचे लहानसे तळे वसवता येते.

नवखा माणूस मात्र पहिल्याच दिवशी मासे आणून सोडतो. काही दिवसांतच ते पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात आणि मरतात. पाणी तर काचेसारखे नितळ असते! मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात व तो त्यांनाच विषारी ठरतो. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तर दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट हे वनस्पतींचे खाद्य होय. हे जीवाणू दगडांवर व मुळांवर स्थिरावण्यास कित्येक आठवडे लागतात. म्हणून आधी वनस्पती, मग गोगलगायी आणि सर्वांत शेवटी मोजकेच मासे सोडावेत. नळाचे पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठी एक-दोन दिवस उघडे ठेवावे.

कुमुदाच्या पसरट पानांमुळे ऊन अडते व शेवाळ आटोक्यात राहते. पाण्याखालची हायड्रिला दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्री तीही तो वापरते. म्हणूनच वनस्पतींनी गच्च भरलेल्या तळ्यात पहाटे मासे गुदमरतात. गोगलगाय तळे स्वच्छ ठेवते, हा समज अर्धाच खरा आहे. ती शेवाळ व कुजकी पाने खाते खरी, परंतु तिची विष्ठा तळ्यातच राहते. गोगलगायी भराभर वाढू लागल्या, तर माशांना खाद्य जास्त पडते आहे असे समजावे.

डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी मासे पाळतात. गप्पीची मादी अंडी न घालता साधारण महिन्या-महिन्याने पिले देते. हौद भरला की जादा मासे ओढ्यात सोडण्याचा मोह होतो. परंतु गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला; ओढ्यात तो देशी माशांच्या अन्नात वाटेकरी होतो. डासांसाठीच १९२८ साली भारतात आणलेला गंबुसिया तर इतर माशांची अंडी व पिलेही खातो. शोभेची जलपर्णी नद्या कशी व्यापते, हे सर्वांनी पाहिलेच आहे. जादा मासे दुसऱ्या हौदवाल्यास द्यावेत. उपटलेल्या वनस्पती वाळवून खतात घालाव्यात. पावसाळ्यात हौद ओसंडून मासे ओढ्याला लागू नयेत, म्हणून निचऱ्याच्या तोंडाशी बारीक जाळी बसवावी.