प्रकाशकणाची ध्रुवणावस्था व सदिश

कामोठ्याच्या खाडीवर पोलरॉइडची चकती डोळ्यांसमोर धरून फिरविली, तर पाण्याची चकाकी कमी-जास्त होते. परावर्तित प्रकाश अंशतः ध्रुवित असतो. (मुलांना सूर्याकडे मात्र पाहू देऊ नये.) मालूस या फ्रेंच शास्त्रज्ञास हा गुण १८०८ साली आढळला.

दोन चकत्या एकीपुढे एक, परस्परांशी काटकोनात धरल्यास प्रकाश जवळजवळ अडतो. त्यांच्यामध्ये तिसरी ४५ अंशांनी तिरपी धरताच तो पुन्हा दिसू लागतो! अडथळा वाढवून उजेड वाढावा, हे कसे? चकती ही नुसती चाळणी नव्हे. प्रकाशकणाची ध्रुवणावस्था बाणाने, म्हणजे सदिशाने, दर्शवितात. चकतीच्या अक्षाशी बाण ४५ अंशांचा कोन करीत असेल, तर अक्षावरील त्याचा घटक सुमारे ०.७०७ व त्याचा वर्ग १/२ होतो. याचा अर्थ अर्धा कण पार होतो, असे शिक्षकांनी कदापि सांगू नये. कण पार होतो तो सबंध, नाहीतर सबंध शोषला जातो. हा वर्ग केवळ पार होण्याची संभाव्यता होय. पार झालेल्या कणाचा बाण नव्या अक्षावर येतो, पूर्वीची दिशा उरत नाही. म्हणून चकत्या निर्दोष मानल्यास, पहिलीतून निघालेल्या १०० कणांपैकी सरासरीने ५० मधलीतून व २५ शेवटचीतून बाहेर पडतात.