वकील परगावी, अशील कोठडीत

प्रश्न : तालुक्याच्या कोर्टात मी एकटाच फौजदारी वकिली करतो. आठवडाभर परगावी असताना एखाद्या अशिलाला अटक झाली आणि माझा फोन लागला नाही, तर त्याला वकीलच मिळणार नाही ना?

उत्तर : अटकेतील व्यक्तीचा बचाव एकाच वकिलावर अडून राहत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नुसार, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांत तिला दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावेच लागते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे कोठडीतील व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी १५१०० ही हेल्पलाइन किंवा तालुका विधी सेवा समिती आहे.

तरीही अशिलाचा भरवसा ओळखीच्या माणसावर असतो आणि तो जपायलाच हवा. चालू प्रकरणांत अशिलाच्या संमतीने सहकारी वकिलाचे नाव वकीलपत्रावर आधीच घालून घेणे सर्वांत उत्तम. नव्या गुन्ह्यात वकीलपत्र नव्याने लागते. त्यासाठी कोऱ्या कागदांवर आगाऊ सह्या घेऊन ठेवू नयेत.

ऑफिसचा फोन कारकून घेत असेल, तर त्याने चारच गोष्टी टिपाव्यात : नाव, पोलीस ठाणे, अटकेची वेळ, नातेवाइकाचा नंबर. लगेच सहकाऱ्याला कळवावे. गुन्ह्याची हकिकत विचारू नये, आणि ‘सांगतील तिथे सही करून टाका’ असा सल्ला तर मुळीच देऊ नये.