मे महिन्यात बोअरचा पाइप बागेपासून दूर ठेवा

दर्यापुरात कुणी घरापुढे लॉन लावायचं म्हटलं की मी आधी विचारते, पाणी कुठलं देणार? पूर्णेच्या खोऱ्यातला आपला हा खारपाण पट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. बोअरला पाणी लागतं, पण ते खारं. शाहनूर धरणाचं नळाचं पाणी गोड, पण ते जपून वापरावं लागतं.

आमच्या अंगणातलं विकत आणलेलं लॉन एप्रिलमध्ये पिवळं पडू लागलं. रोपवाटिकेतून सल्ला मिळाला, ‘ऊन तापलं आहे, पाणी वाढवा.’ बोअरचं पाणी वाढवलं तशी पाती टोकाकडून करपत गेली. नवतपा लागेपर्यंत मातीवर पांढरा थर चढला आणि खालची काळी जमीन इतकी घट्ट झाली की पाणी वरच साचून राहू लागलं. तहानेनं असं होत नाही, हा क्षारांचा मार होता. उन्हानं पाणी उडून जातं, क्षार मागे उरतात. त्यातलं सोडियम चिकणमातीचे कण सुटे करतं, मातीतली छिद्रं बुजतात, मुळांना हवा मिळत नाही. पाणी वाढवावं तसे क्षारही वाढतात.

म्हणून बागेवर पैसा घालण्याआधी बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. विद्युतवाहकता २.२५ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आली, तर त्या पाण्यावर नाजूक झाडं जगवायचा नाद सोडा. कूलरच्या टाकीत तळाशी उरलेलं पाणी तर कुंडीत मुळीच ओतू नका. पाणी उडून उडून त्यात क्षार दाटलेले असतात. आरओचं वाया जाणारं पाणीही तसंच.

मोबाइलवर थंड देशांतले बागवाले लॉनला उन्हाळ्यात भरपूर पाणी पाजायला सांगतात. त्यांचं पाणी गोड आणि ऊन सौम्य. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. त्यांचा एक सल्ला मात्र मला पटतो: उन्हाळ्यात गवत आखूड कापू नये. वाढलेली पाती मातीवर सावली धरतात. या दिवसांत युरियाही देऊ नका. लॉनऐवजी साधी हरळी असेल तर ती वाळू द्या, मृगाच्या पावसात ती मुळापासून पुन्हा फुटते.

गोड पाण्यावर पहिला हक्क लिंबाचा, कढीपत्त्याचा, मोगऱ्याचा. लिंबाला क्षार अजिबात सोसत नाहीत. झाडाजवळ मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भरून वर झाकण ठेवा; पाणी हळूहळू पाझरून मुळांकडेच जातं. आळ्यात तुरीच्या कुटाराचा चार बोटं थर द्या, फक्त खोडापासून थोडा दूर. पाणी सूर्य कलल्यावर द्या. कुंड्या पश्चिमेच्या भिंतीपासून हलवा, नाहीतर वर हिरवी जाळी बांधा.

ज्यांची माती आधीच बिघडली आहे त्यांनी ती तपासून, सांगतील त्या प्रमाणात जिप्सम पावसाळ्याच्या तोंडावर मिसळावं. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं. मोकळं झालेलं सोडियम पावसाच्या पाण्यानं खाली जायला हवं, म्हणून बाजूनं चर काढा. आणि छताच्या पाण्याला टाकी करा. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर १० मिलिमीटर पाऊस पडला तरी सुमारे ९०० लिटर गोड पाणी उतरतं.