पार्सलचं बी वाफ्यात टाकण्याआधी

मैत्रिणींनो, मृग जवळ आला की मोबाइलवर बियांच्या जाहिराती सुरू होतात. पंचवीस भाज्या एका पाकिटात, घरपोच, पैसे पार्सल आल्यावर. गटातल्या सात-आठ जणी मिळून मागवतात, वाफे करतात, शेणखत घालतात आणि पंधरा दिवसांनी पाहावं तर भाजीपेक्षा गवतच जास्त! बियांचे पैसे थोडेच गेले म्हणा, पण हंगाम गेला तो गेलाच. त्यासाठी गटातून अंतर्गत कर्ज उचललं असेल, तर हप्ता काही भेंडी उगवायची वाट बघत नाही.

पाकिटावरचं चित्र सोडा, मागची बाजू वाचा. वाणाचं नाव, लॉट नंबर, उगवणशक्ती, तपासणीची तारीख आणि वापराची मुदत छापलेली हवी. नुसतं 'भेंडी' लिहिलं असेल तर ते बी कुठलं, किती जुनं, कोण सांगणार? आणि निळ्या स्ट्रॉबेरीचं बी तर घेऊच नका. तशी स्ट्रॉबेरी जगात नाही. महाबळेश्वरकडे शेतकरी स्ट्रॉबेरी लावतात तीही रोपांपासून, बियांपासून नाही.

आता घरची तपासणी. जुन्या सुती कापडाचा तुकडा ओला करून पिळा, त्यावर दहा बिया मोजून ठेवा, गुंडाळी करून डब्यात ठेवा. कापड ओलसर राहू द्या, पाणी साचू देऊ नका. सरकारी मानकाप्रमाणे भेंडीची उगवण कमीत कमी ६५ टक्के, टोमॅटो-वांग्याची ७० आणि मिरचीची ६० टक्के हवी. म्हणजे भेंडीच्या दहातल्या सहा-सात बियांना मोड यायला हवेत. तीन-चारच आले तर पुन्हा दहा बिया लावून बघा, एकदा बघून निकाल देऊ नका. मिरचीला दोन आठवडे द्या, ती मुळातच सावकाश उगवते. पाकिटात वीसच बिया असतील तर पाच तपासा. तेवढ्या गेल्या तरी चालतील, वाफा वाया जाण्यापेक्षा बरं.

दर वेळी दोष बियांचाच असतो असंही नाही. अख्खे धणे पेरले तर उगवण कमी होते, ते रगडून दोन फोडी करून पेरावे. कारल्याचं टरफल टणक, रात्रभर भिजवलं तर सोपं जातं. फुलकोबीचा वाण हंगाम बघून घ्यावा लागतो. चुकीच्या वेळी लावला की गड्डा सुपारीएवढाच राहतो, मग बी कितीही चांगलं असो.

बी खराबच निघालं तर पाकीट, बिल आणि थोडं उरलेलं बी जपून ठेवा. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पीक मोडण्याआधी अर्ज द्या, म्हणजे पाहणी करता येते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार नोंदवता येते.

पुढच्या वर्षी पार्सल नको असेल तर 'परभणी क्रांती'सारखी सरळ वाणाची भेंडी लावा. चांगल्या निरोगी झाडावरच्या चार शेंगा वाळू द्या आणि बी राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. संकरित वाणाचं बी मात्र असं धरू नका, पुढची झाडं एकसारखी येत नाहीत.