संगणक व मॉनिटर यांचा मेळ

संगणक एका घरचा व मॉनिटर दुसऱ्या घरचा, अशी जोडी जमविण्याचा प्रसंग आमच्या दिवेआगरसारख्या किनाऱ्यावरील गांवांत वारंवार येतो. मुंबईस नोकरीस असलेले काका आपला जुना संगणक गांवीं पाठवितात. मॉनिटर मात्र कोठून तरी मिळवावा लागतो. दोन्ही जोडून पाहावें तों पडदा काळाच! मग मॉनिटर बिघडला असें समजून तो भंगारांत जातो, किंवा भलताच कन्व्हर्टर आणून पैसे व्यर्थ दवडले जातात. पुष्कळ वेळां दोन्ही यंत्रें निर्दोष असतात. त्यांचा परस्परांशीं मेळ नसतो, इतकेंच. हा मेळ तीन गोष्टींचा पाहावा लागतो: तोंडाचा, भाषेचा व तालाचा.

प्रथम तोंडाचा विचार करूं. इ. स. १९८७ या एकाच वर्षीं आयबीएमनें व्हीजीए ही पद्धति काढली व ॲपलचा मॅकिन्टॉश-२ हा संगणक निघाला. दोहोंच्या जोडणीस पिना पंधराच. परंतु पहिल्याच्या तीन ओळींत, तर दुसऱ्याच्या दोन ओळींत. शिवाय मॅकिन्टॉशच्या कांहीं पिना, कोणता मॉनिटर जोडला आहे हें संगणकास कळविण्यासाठीं होत्या. ती ओळख न पटल्यास चित्रच येत नसे. म्हणून या संगणकास व्हीजीए मॉनिटर जोडणाऱ्या अडॅप्टरास, तोंड जुळविण्याबरोबर ओळख पटविण्याचेंही काम करावें लागे.

दुसरी गोष्ट भाषेची. आमच्या दिवेआगरास शके ९८२ चा (इ. स. १०६०) मराठी ताम्रपट मिळाला आहे. तो हातीं आला म्हणून कोणासही वाचतां येईल असें नाहीं. जुन्या अक्षरांचें वळण ठाऊक असावें लागतें. तारेचेंही तसेंच आहे. आयबीएमच्या इ. स. १९८१ च्या सीजीए पद्धतींत तांबडा, हिरवा, निळा व उजळपणा अशा चार तारा असत. प्रत्येक तार एक तर चालू, नाहीं तर बंद. २ × २ × २ × २ = १६, म्हणून रंग सोळाच. व्हीजीएंत रंगाच्या तारा तीनच. परंतु प्रत्येकींतील विद्युद्दाब शून्यापासून ०.७ व्होल्टपर्यंत हळूहळू कमीअधिक होतो. पहिली तऱ्हा दिव्याच्या बटणाची, दुसरी पंख्याच्या रेग्युलेटरची. अर्थात् नुसत्या तारा जोडून एकीची दुसरी होत नाहीं.

तिसरी गोष्ट तालाची. जुन्या नळीच्या मॉनिटरांत इलेक्ट्रॉनांचा झोत एकेक ओळ काढीत वरून खालीं येतो. व्हीजीएच्या नेहमींच्या चित्रांत दिसणाऱ्या ओळी ४८०. झोत परत वर नेण्याचा वेळ धरून ५२५. असें चित्र सेकंदास सुमारें ६० वेळां निघतें; म्हणजे ५२५ × ६० = ३१,५०० ओळी झाल्या. उलट, इ. स. १९८४ मध्यें भारत सरकारनें शाळांकरितां ‘क्लास’ नांवाचा उपक्रम काढला, त्यांतील बीबीसी मायक्रो संगणक सेकंदास १५,६२५ ओळी काढी. म्हणजे जवळजवळ निम्म्याच. केवळ व्हीजीएसाठीं बांधलेल्या मॉनिटरावर त्याचें चित्र स्थिर होणार नाहीं. एकाच तालावर चालणाऱ्या कांहीं जुन्या मॉनिटरांस भलता ताल दिल्यास आंतील भाग जळण्याचेंही भय असे. पुढें अनेक ताल ओळखणारे मॉनिटर निघाले व ही अडचण पुष्कळ कमी झाली.

हल्लींच्या यंत्रांसही हेच नियम लागू आहेत. डिजिटल डीव्हीआय व एचडीएमआय यांची चित्रभाषा एकच असल्यानें तेथें साधी केबल पुरते. परंतु एचडीएमआय असलेल्या संगणकास व्हीजीए मॉनिटर जोडावयाचा असल्यास भाषांतर करणारा कन्व्हर्टरच हवा. आणि तो एकाच दिशेनें चालतो, उलटा लावून उपयोग नाहीं. यूएसबी-सी चें तोंड दिसलें म्हणजे त्यांतून चित्र निघेलच असेंही नाहीं. संगणकाचें माहितीपत्रक पाहावें.

म्हणून खरेदीपूर्वीं दोन्ही तोंडांचीं नांवें, व चित्र कोठून कोठें न्यावयाचें आहे तें, कागदावर लिहून दुकानदारास दाखवावें. खाऱ्या हवेनें पिना गंजल्या आहेत काय, मॉनिटरावर योग्य इनपुट निवडलें आहे काय, हेंही पाहावें. चित्र मर्यादेबाहेर असल्याची सूचना उमटल्यास दुसरा मॉनिटर लावून संगणकाचें रेझोल्यूशन कमी करावें.

पालकांस एक विनंति. नळीचा मॉनिटर मुलांस कधींही उघडूं देऊं नये. वीज बंद केल्यावरही आंत हजारों व्होल्टचा भार राहूं शकतो. नळीच्या कांचेंत शिसें असतें, म्हणून ती फोडूं नये व उकिरड्यावरही टाकूं नये. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्यावी. मात्र टाकण्यापूर्वीं वरील तीन गोष्टी एकदां अवश्य तपासाव्या. निरुपयोगी ठरविलेला मॉनिटर शंभर-दोनशें रुपयांच्या केबलनें सुरू झाला, तर एखाद्या गरजू विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या अभ्यासाची सोय होईल.