सदर बाजारातली संध्याकाळ आणि रविवारची पायपीट



गेल्या महिन्यात आपण गडावर गेलो होतो, तेव्हा दुसऱ्या टप्प्यावर इयत्ता नववीचा एक कॅडेट मटकन खाली बसला. चेहरा पांढरा, हात थरथरताहेत, कपाळावर गार घाम. सावलीत बसवलं, पाणी पाजलं, गुळाचा खडा दिला. दहा मिनिटांनी तो उभा राहिला. "सकाळी काय खाल्लंस?" असं विचारलं तर गप्प. शेजारचा म्हणाला, "सर, तो आठ दिवस नाश्ताच करत नाही. एनडीएच्या मेडिकलला वजन जास्त भरेल म्हणून."

त्याच तुकडीतल्या दुसऱ्या एका बहाद्दराच्या पिठ्ठूत चिप्सची पाच पाकिटं, क्रीमची बिस्किटं आणि कोल्ड्रिंकची मोठी बाटली निघाली. त्याचं म्हणणं, "सर, एवढं चाललं की सगळं जिरतं."

दोघांनाही मी तिथे रागावलो नाही. कारण या दोन्ही चुका मी स्वतः केलेल्या आहेत, त्याही एकाच वर्षात. तेव्हा मी नायक होतो आणि आमची पलटण झाशीला होती. साल २०१०.

झाशीच्या छावणीत सदर बाजार आहे. प्रत्येक जुन्या छावणीत एक सदर बाजार असतोच. जवानांना लागणारं सामान एका ठिकाणी मिळावं म्हणून इंग्रजी अमलात वसवलेला हा बाजार. शिंपी, बुटांची दुकानं, फोटो स्टुडिओ, ट्रंका विकणारे, आणि संध्याकाळी खाण्याच्या गाड्या. आउटपास मिळाला की आम्ही चौघे-पाचजण तिकडे जायचो. एकाला बुटाची नाडी हवी असायची, बाकीचे सोबत. नाडी दहा मिनिटांत मिळायची, पुढचा तासभर टिक्की, समोसे, जलेबी आणि शेवटी कुल्फी. पैसे पाळीपाळीने. हा पाळीचा प्रकार फार घातक. आज मित्राने खाऊ घातलं म्हणून उद्या आपण घालायचं, आणि आपण पैसे देतोय तर आपणही खायचं. भूक कुणाला आहे हे कुणी विचारत नाही.

त्यात पलटणीचं आपलं चालूच. बढती झाली, मिठाई. मुलगा झाला, मिठाई. कुणी रजेवरून आला की गावाकडचा डबा. रेझिंग डेला बडा खाना. आणि झाशी म्हणजे आपल्या लोकांचंही गाव. नारोशंकरांनी १७४२ पासून इथला कारभार पाहिला, किल्ल्याखालचं शहर वाढवलं, नंतर नेवाळकर आले. त्यामुळे तिथे पिढ्यानपिढ्या राहणारी मराठी घरं आहेत. अशा एका घराशी आमची ओळख झाली. त्या काकू गणपतीत आम्हा मराठी पोरांना जेवायला बोलवायच्या. त्यांच्या मराठीला बुंदेली हेल होता, पण मोदक अगदी आपल्याकडचे. "काकू, आता पुरे" म्हटलं की त्या म्हणायच्या, "घरापासून लांब आहात रे, आई असती तर तिलाही नाही म्हणाला असतास का?" आता यावर जवान काय बोलणार! अजून दोन मोदक पानात.

मला मात्र काळजी नव्हती, कारण मी चालत होतो. रविवारी पहाटे आम्ही तिघे पायी ओरछ्याला जायचो. छावणीपासून साधारण १६ किलोमीटर. ओरछा तेव्हा टीकमगढ जिल्ह्यात होतं, २०१८ पासून निवाडी जिल्ह्यात आहे. हमरस्ता सोडला की दोन्ही बाजूंना पळस, मग वेशीची कमान, रामराजा मंदिर आणि खाली बेतवा. नदीकाठी बुंदेल्या राजांच्या छत्र्या आहेत. पावसाळ्यानंतर त्या काठावर बसायला जे सुख आहे ते मी दुसरीकडे कुठे अनुभवलेलं नाही. परत यायला टेम्पो. एवढं चालणाऱ्याला वजनाची भीती कसली, असं मी समजत होतो.

वार्षिक वैद्यकीय तपासणीत काट्याने ७९ किलो दाखवले. उंची १७२ सेंटीमीटर. म्हणजे बीएमआय जवळजवळ २७. भारतीय माणसासाठी २३ च्या वर गेलं की वजन जास्त धरतात. डॉक्टर साहेबांनी तीन महिन्यांची मुदत दिली. तोवर उतरलं नाही तर कॅटेगरी खाली जाणार, आणि ज्या कोर्सची मी दोन वर्षं वाट पाहत होतो त्याला मुकणार.

मग मी वही घेऊन हिशेब मांडला. तुम्हीही मांडा, गणिताच्या तासाला हरकत नाही. माझ्या वजनाच्या माणसाला सपाट रस्त्यावर एक किलोमीटर चालायला अंदाजे ६० किलोकॅलरी लागतात. १६ किलोमीटरचे झाले ९५० च्या आसपास. त्यातल्या काही तर मी बराकीत लोळत पडलो असतो तरी खर्च झाल्याच असत्या. आता जमेची बाजू. ओरछ्यात पोहोचल्यावर पुरी-भाजीची थाळी, अंदाजे ५००. मोठा ग्लास लस्सी, २५०. सव्वाशे ग्रॅम जलेबी, ४०० च्या वर. म्हणजे टेम्पोत बसण्याआधीच मी कमावलेलं सगळं परत खाऊन मोकळा, आणि संध्याकाळचा सदर बाजार अजून बाकी! चालणं भरपूर होतं यात शंका नाही. पण चार तासांचं चालणं वीस मिनिटांत खाऊन टाकता येतं, हे मला वहीत लिहीपर्यंत कळलं नव्हतं.

जलेबीचं विशेष वाईट वाटलं. ती मला आजही आवडते. पण जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली असावी, जमल्यास ५. दोन हजार किलोकॅलरी खाणाऱ्याला म्हणजे ५० ग्रॅम, जमल्यास २५. ती मर्यादा सव्वाशे ग्रॅम जलेबीतच संपते.

यानंतर मी दुसरी चूक केली, आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती. रात्रीचं जेवण बंद केलं. सकाळी नुसता चहा. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी ठरवलं की ओरछ्याला जाऊन परतही चालतच यायचं. आदल्या दिवशी दुपारनंतर पोटात फक्त अर्धी पपई होती. जाताना काही वाटलं नाही, उलट हलकं वाटत होतं. परतीच्या वाटेवर अकराच्या सुमाराला ऊन चढलं. झाशीचं ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. डोळ्यांपुढे काजवे, पाय स्वतःचे वाटेनात, आणि सोबत्याने हाक मारली तर ओ देता येईना. कडुलिंबाखाली त्यांनी मला आडवं केलं, एका झोपडीतल्या म्हातारीने साखर-मीठ-पाणी करून दिलं. ते पोटात गेल्यावर डोकं ठिकाणावर आलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर साहेब म्हणाले, "वज़न कम करने को कहा था, जवान नहीं!"

असं का झालं ते समजून घ्या, कारण नववीतल्या आपल्या मित्राचं कारणही हेच. आपलं यकृत साखरेचा थोडा साठा करून ठेवतं. झोपेतही मेंदूला साखर लागतेच, त्यामुळे सकाळपर्यंत तो साठा बराच उतरलेला असतो. वर रात्रीचं जेवणही टाळलं असेल तर आणखी कमी. अशा अवस्थेत चढ चढायला लागलात की स्नायूही साखर मागतात. अंगावरची चरबी जळते, पण सावकाश. चढावर लागेल तेवढ्या वेगाने ती ऊर्जा पुरवू शकत नाही. त्यात घामातून पाणी आणि मीठ गेलं की चक्कर ठरलेली. म्हणून पहाटे निघायचं असेल तर तासभर आधी काहीतरी खाल्लंच पाहिजे. दोन केळी चालतील, वाटीभर पोहे चालतील, दूध-पोळी चालेल.

आणि वजनाची धास्ती घेतलेल्या कॅडेट्सनी हे आकडे पाहावेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या तक्त्याप्रमाणे बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० किलोकॅलरी लागतात. १३ ते १५ वर्षांच्या मुलाला २८६०, आणि १६ ते १८ वर्षांच्या मुलाला ३३२०. म्हणजे तुम्हाला तुमच्या कार्यालयात बसणाऱ्या वडिलांपेक्षा जास्त अन्नाची गरज आहे. उंची वाढत असताना जेवण तोडणं म्हणजे घर बांधताना विटा काढून घेणं. तुमच्या वयात बीएमआयचा मोठ्यांचा तक्ता लावायचाही नसतो, वयाप्रमाणे वेगळा असतो. शंका असेल तर शाळेच्या डॉक्टरांकडे जा. आपापसात आरशासमोर निर्णय घेऊ नका.

माझ्या मुदतीतले सात आठवडे उरले होते. डॉक्टर साहेबांनी सांगितलं, तीनही वेळचं लंगरचं जेवण घे, डाळ दुप्पट, भात एकदाच, तळलेलं आठवड्यातून एकदा. एवढंच. अवघड लंगर नव्हतं, अवघड सदर बाजार होता. तिथे जायचं बंद करून पाहिलं, दहा दिवस टिकलं. मित्र सुटायला लागले. रेडिओ ऐकत बराकीत एकटा बसलेला जवान काही सुखी नसतो, आणि अकराव्या दिवशी मी गेलो तो तीन प्लेट टिक्की खाऊन आलो.

मग उपाय सापडला तो अगदी साधा निघाला. बाजारात उपाशी जायचं नाही. आउटपासवर निघण्यापूर्वी दोन मुठी फुटाणे आणि भरपूर पाणी. चण्यात प्रथिनं चांगली, १०० ग्रॅममध्ये २० च्या आसपास, आणि पोटाला आधार राहतो. आता गाडीवर उभं राहिलं तरी डोळ्यांना दिसतं, पण पोट ओढत नाही. आणि काय खायचं ते बराकीतून निघतानाच ठरवायचं. आज टिक्की, तर टिक्कीच. जलेबी पुढच्या वेळी. गाडीसमोर उभं राहून ठरवायला गेलं की ठरतं ते गाडीवाल्याच्या मनासारखं.

पहिल्या आठवड्यात चेष्टा झाली. "क्यों भाई, शादी है क्या?" वगैरे. पण एका सोबत्याला मी मुदतीचं खरं सांगितलं होतं, त्याने एक प्लेट अर्धी-अर्धी करायला सुरुवात केली. महिन्याभरात बाकीचेही एका प्लेटमध्ये दोघं खाऊ लागले, बहुतेक पैसे वाचतात म्हणून. काकूंना मात्र मी आधीच जाऊन सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आधी नाही का सांगायचं?" पुढच्या वेळी मोदक दोनच, पण मटकीची उसळ हवी तेवढी. बडा खान्याच्या दिवशी मी पोटभर जेवायचो, लपवत नाही. फक्त दुसऱ्या दिवशी नेहमीचा नाश्ता नेहमीच्या वेळी. काल जास्त झालं म्हणून आज उपास, हा हिशेब मी ओरछ्याच्या रस्त्यावरच सोडून आलो होतो.

ओरछ्याची पायपीट बंद केली नाही. पिठ्ठू शनिवारी संध्याकाळीच भरायचो: फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की, चार पोळ्या-भाजी, दोन केळी, दोन लिटर पाणी. दर तासाला थांबून थोडं खायचं, तहान लागायच्या आधी प्यायचं. हे काही मी शोधून काढलेलं नाही. चणे-गूळ बांधून मैलोन् मैल चालणं आपल्याकडे जुनंच आहे. वरसईचे गोडसे भटजी १८५७ च्या धामधुमीत चालत झाशीला पोहोचले होते, १९०७ साली छापलेल्या त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये ते सारं आहे. शाळेच्या ग्रंथालयात असेल तर जरूर वाचा.

मुदत संपली तेव्हा काटा ७४ वर होता. तक्त्यापेक्षा अजून थोडा वर, पण डॉक्टर साहेबांनी महिनाभर वाढवून दिला, आणि कोर्सला मी ७२ किलोचा होऊन गेलो.

पालकांना एक विनंती. भेटीच्या रविवारी आपण प्रेमाने डबे आणता, ते आणूच नका असं मी म्हणणार नाही. पण फरसाण आणि पेढ्यांच्या जोडीला शेंगदाण्याचे लाडू, भाजलेले चणे, खजूर, फळं असू द्या. आणि डबा एकट्याच्या नावाने न देता खोलीतल्या चौघांसमोर उघडून द्या. एकट्याचा डबा रात्री दिवे गेल्यावर पांघरुणाखाली संपतो, हे आम्हाला ठाऊक आहे.

पुढची पायपीट येत्या रविवारी. पहाटे साडेचारला मेसमध्ये केळी, पोहे आणि दूध. जो खाणार नाही तो चढणार नाही. प्रत्येक तुकडीकडे साखर-मीठ-पाण्याची एक वेगळी बाटली: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. पिठ्ठूची तपासणी शनिवारी संध्याकाळी साडेसहाला बराकीसमोर होईल. कोल्ड्रिंकची बाटली सापडली तर ती परत मिळेल, पण सोमवारी.