सणाचे हिरवे सरबत

१७ मार्च हा आयर्लंडचे संत पॅट्रिक यांचा सण. शॅमरॉक नावाच्या त्रिदल पानावरून त्यांनी लोकांना पवित्र त्रैक्य समजावून दिले, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. त्या पानाचा रंग तोच सणाचा रंग झाला. आयरिश माणसे देशोदेशी गेली, त्यांच्याबरोबर सणही गेला. शिकागो शहरात तर १९६२ पासून नदीसुद्धा हिरवी करण्याची प्रथा आहे. मग मेजवानीत पेयही हिरवेच हवे!

पण ते हिरवे कशाने करायचे? १९१४ साली न्यूयॉर्कमधील एका क्लबात कर्टिन नावाच्या डॉक्टरांनी पाहुण्यांना हिरवी बिअर दिली. तीत कपड्यांना घालायच्या निळीचा थेंब टाकला होता, असे त्या वेळच्या वृत्तपत्रात आले होते. पिवळ्यात निळे मिसळले की हिरवे होते हे खरे; पण नीळ कपड्यांसाठी आहे, पोटासाठी नव्हे. डॉक्टरांनी केले म्हणून आपण करू नये.

आपल्या बाजारातही सावध राहावे, असे आम्ही सांगतो. मॅलाकाइट ग्रीन हा कापड व चामडे रंगवण्याचा रंग आहे. अन्नात त्याला बंदी आहे. सुट्या पुडीत कोणता रंग आहे हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. परवानगी असलेला कृत्रिम रंगही पेयात किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंतच चालतो; म्हणजे चिमूटसुद्धा जास्तच. वाळ्याची मुळे तपकिरी असतात, तेव्हा बाटलीतल्या गर्द हिरव्या सरबताचे लेबल अवश्य वाचावे.

घरी रंग असा करावा :

१. मूठभर पालक धुऊन उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवावा व लगेच गार पाण्यात काढावा.

२. पुदिन्याची पाने घालून वाटावे व फडक्यातून गाळावे. पुदिन्याने पालकाचा वास झाकतो.

३. एक वाटी साखर व अर्धी वाटी पाणी यांचा पाक पूर्ण गार करून त्यात हा रस मिसळावा.

४. लिंबू पिळायचे तर पेला हातात देतानाच पिळावे. आंबटाने पानातील हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निघून जाते व रंग मळकट होतो. उष्णतेने हे अधिक लवकर घडते.

मुलांना गंमत हवी असल्यास आयर्लंडच्या झेंड्याचा पेला करावा. त्यात हिरवा रंग कॅथलिकांचा, नारिंगी प्रोटेस्टंटांचा आणि मधला पांढरा दोघांतील सलोख्याचा. अधिक गोड ते अधिक जड, म्हणून तळाशी हिरवा पाक, लिंबू न घालता. त्यावर थोडी साखर घातलेले नारळाचे पातळ दूध चमच्याच्या पाठीवरून हळूच सोडावे. शेवटी निम्मे पाणी घातलेला संत्र्याचा रस तसाच सोडावा. तिन्ही थर वेगळे राहतात.

हे पेय त्याच दिवशी संपवावे. ताज्या पानांचा रस आहे. तो टिकत नाही, पण निर्धोक आहे.